लिव्हरी : युद्धकाळातल्या वाफेच्या इंजिनांसाठी मराठी शब्द हवा

मिथिला_बर्मिंगहॅम

नमस्कार मंडळी. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकासाठी सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर, म्हणजे जुनी वाफेची इंजिनं जपून चालवणाऱ्या इथल्या वारसा रेल्वेवर, लेख लिहिते आहे. मजकूर जवळजवळ झालाय, पण 'लिव्हरी' या शब्दापाशी अडले आहे.

या रेल्वेकडे 'गॉर्डन' नावाचं वाफेचं इंजिन आहे. 1943 साली ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीनं ते ब्रिटिश युद्ध खात्यासाठी बांधलं. आज ते निळ्या रंगात आहे, कडेनं लाल रेघा आणि टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या डब्यावर, एलएमआर ही अक्षरं. एलएमआर म्हणजे हँपशरमधली लाँगमूर मिलिटरी रेल्वे, जिथे सैनिकांना रेल्वे चालवायचं शिक्षण मिळायचं. इंग्रजीत या रूपाला सरळ 'मिलिटरी लिव्हरी' म्हणतात. शब्दकोशात लिव्हरीचा अर्थ 'चाकरांचा पोशाख' असा सापडतो, तो इंजिनाला कसा लावायचा? सध्या 'लष्करी रंगसंगती' लिहून ठेवलंय, पण मन मानत नाही. सुचवा काहीतरी.

पुणेरी_वाचक

रंगसंगती नकोच. नुसतं 'रंग' म्हणा की. आपण बोलताना 'एसटीनं रंग बदलला' असंच म्हणतो. डेक्कन क्वीनला 2022 साली नवे डबे लागले तेव्हाही जो तो 'नवा रंग कसा वाटतोय' हेच विचारत होता. जिथे दोन अक्षरांत भागतं तिथे पाच अक्षरं कशाला?

मनमाडकर

मिथिलाताई, विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वडील लोकोशेडला फिटर होते. त्यांच्या बोलण्यात 'रंग', 'पट्टा' आणि 'नंबर' असे तीन वेगळे शब्द यायचे. लिव्हरीत हे तिन्ही येतात आणि शिवाय अक्षरं, चिन्हं. म्हणून नुसतं 'रंग' म्हटलं की अर्धा अर्थ हातातून निसटतो. युद्धकाळातल्या इंजिनांच्या बाबतीत तर रंगापेक्षा अक्षरंच जास्त बोलकी होती. ब्रिटिश युद्ध खात्याच्या इंजिनावर डब्ल्यू आणि डी, आणि दोन अक्षरांच्या मधोमध वर टोक केलेला बाण. हा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्तेची जुनी खूण. बंदुकीवर तीच, तंबूवर तीच, इंजिनावरही तीच.

आता शब्दाचं मूळ. फ्रेंच 'लिव्हरे' म्हणजे 'दिलेलं'. सरदारानं आपल्या पदरच्या माणसांना दिलेले कपडे. अंगावरचा कपडा पाहिला की माणूस कोणाच्या चाकरीत आहे ते कळायचं. 'डिलिव्हरी' याच कुळातला शब्द. आपल्याकडे हा व्यवहार अनोळखी नाही. छत्रपतींनी 'पेशवाईची वस्त्रं दिली' असं आपण म्हणतो तेव्हा कापडाबद्दल बोलत नसतो, नेमणुकीबद्दल बोलत असतो. लिव्हरीचा गाभा हाच : कोणी दिलं आणि कोणाच्या सेवेत.

म्हणून शांतताकाळातल्या रेल्वे कंपन्यांच्या इंजिनांना 'रंगरूप' चालेल, पण लष्करातल्या इंजिनांसाठी माझं मत वर्दी या शब्दाला. ही इंजिनं खरोखर भरती झाली होती. युद्ध खात्यासाठी रिडल्स या अभियंत्यांनी आखलेली 'ऑस्टेरिटी' जातीची इंजिनं घ्या. 2-8-0 चाकरचनेची (पुढे दोन छोटी चाकं, मधे आठ मोठी, मागे एकही नाही) 935 आणि 2-10-0 ची 150. रंग खाकी-हिरवा, रेघा नाहीत, पितळ नाही, नाव नाही, फक्त डब्ल्यूडी आणि नंबर. हजारभर इंजिनं एकसारख्या कपड्यात आणि ओळख फक्त नंबरानं. वर्दी म्हणजे आणखी काय असतं?

आणि 'खाकी' हा शब्द तर इथूनच तिकडे गेला. खाक म्हणजे धूळ, फारसीतून आपल्याकडे आलेला शब्द. 1846 साली पेशावरला हॅरी लम्सडेननं 'कोअर ऑफ गाईड्स' ही पलटण उभारली आणि तिच्या शिपायांना मातकट रंगाचे कपडे दिले. पुढे सगळ्या ब्रिटिश फौजेनं तो रंग घेतला, आणि शंभर वर्षांच्या आत तो ग्लासगोत बांधलेल्या इंजिनांवर चढला. लेखात हे जरूर लिहा. आपल्या वाचकाला ते जवळचं वाटेल.

अनघा_द

काका, माहिती फार छान. पण 'वर्दी'ला माझी हरकत आहे. मराठीत वर्दी म्हणजे खबर. 'अग्निशमन दलाला वर्दी मिळाली', 'पोलिसांत वर्दी दिली'. कपड्याचा अर्थ हिंदी सिनेमांमुळे आलाय. 'गणवेश' का नको?

मनमाडकर

अनघाताई, खबर हा अर्थ आहेच, आणि तो चांगला रुळलेला आहे. पण 'खाकी वर्दी' हेही मराठी वर्तमानपत्रांत रोज छापून येतं आणि कोणी अडखळत नाही. 'इंजिनाला वर्दी मिळाली' असं वाक्य मात्र टाळावं, तिथे गोंधळ होईल. 'इंजिनावर वर्दी चढली' म्हणा.

गणवेश शुद्ध आहे, पण त्याला शाळेचा वास येतो. शिवाय गणवेश अंगातून काढून खुंटीला टांगता येतो, इंजिनाची वर्दी खरवडून काढावी लागते.

सैनिकपुत्र

वर्दीच्या बाजूनं माझंही एक मत. मिथिलाताईंचं 'गॉर्डन' निळं आणि लाल रेघांचं, आणि काका म्हणतात ऑस्टेरिटी खाकी. 'गॉर्डन' त्याच 2-10-0 जातीचं आहे ना? मग लष्करी लिव्हरी कुठली खरी?

दोन्ही. फौजेत प्रत्येकाकडे दोन तऱ्हेचे कपडे असतात, मोहिमेवरचे वेगळे आणि संचलनाचे वेगळे. खाकी-हिरवा ही मोहिमेची वर्दी. युद्धानंतर लाँगमूरला इंजिनांना निळा रंग आणि लाल रेघा दिल्या ती संचलनाची. शिकाऊ सैनिक, पाहुण्यांपुढची प्रात्यक्षिकं, चकचकीत ठेवलेलं पितळ. 'रंगसंगती' म्हटलं तर हा फरक सांगताच येत नाही. 'वर्दी' म्हटलं की आपोआप कळतो.

'गॉर्डन' हे नावही जनरल गॉर्डन यांच्यावरून, आणि ते ब्रिटिश फौजेच्या अभियंता दलाचे, रॉयल इंजिनिअर्सचेच अधिकारी. मोहिमेच्या वर्दीत त्या इंजिनाला नाव नव्हतं, 73651 हा नंबर होता. नाव आणि 600 हा सुटसुटीत नंबर नंतर मिळाला.

पुणेरी_वाचक

पटतंय. पण मग युद्धकाळात नागरी गाड्यांची इंजिनं काळी केली होती, त्याला काय म्हणणार? ती काही लष्करात नव्हती. आणि तो रंग विमानांपासून लपण्यासाठी होता ना, म्हणजे छद्मावरण?

मनमाडकर

छद्मावरण नव्हे. चालतं वाफेचं इंजिन रंगानं लपत नाही. दिवसा धुराचा लोट दिसतो, रात्री भट्टीचं दार उघडलं की उजेड आभाळात जातो. त्यासाठी उपाय वेगळे होते. ड्रायव्हरच्या केबिनपासून टेंडरपर्यंत ताडपत्री ताणायचे, काही इंजिनांच्या केबिनच्या खिडक्या पत्रा ठोकून बंदच केल्या होत्या. उन्हाळ्यात त्या ताडपत्रीखाली कोळसा ओढणाऱ्या फायरमनचे हाल काय झाले असतील ते लोकोशेड पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

काळा रंग आला तो टंचाईमुळे. रंगारी फौजेत गेले होते, रंग मिळत नव्हता, इंजिनं पुसायलाही माणूस नव्हता. एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) कंपनीची निळी ए-4 इंजिनं काळी झाली, त्यात 1938 साली ताशी 126 मैलांचा विक्रम करणारं 'मॅलार्ड'सुद्धा. टेंडरवरच्या चार अक्षरांतली एल आणि आर गाळून नुसतं एनई उरलं, अक्षरांचीसुद्धा काटकसर. या अवस्थेला मी 'युद्धकाळातला काळा रंग' एवढंच म्हणेन. वर्दी नाही, कारण धनी बदलला नव्हता.

अनघा_द

'ऑस्टेरिटी'ला मग काटकसरी इंजिन म्हणायचं का? ते कोळसा कमी खाणारं इंजिन वाटेल.

मनमाडकर

बरोबर, म्हणून नको. ती काटकसर बांधणीतली होती. ओतीव पोलादाचे भाग होता होईल तो टाळून जोडकामाचे वापरले, मनुष्यतास वाचवले, शोभेचं सगळं गाळलं. 'ऑस्टेरिटी' हे विशेषनाम म्हणून तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'साध्या बांधणीची' एवढं जोडा.

जर्मनांनी हेच त्यांच्या 52 क्रमांकाच्या श्रेणीत केलं. नावच 'क्रीग्सलोक', युद्धइंजिन. 1942 पासून सहा हजारांहून जास्त बांधली. एरवी जर्मन इंजिन म्हणजे वर काळं आणि खाली लाल चाकं. ही बरीचशी कारखान्यातून सरसकट राखाडी बाहेर पडली. जर्मन इंजिनांवर आणि टेंडरांवर मोठ्या अक्षरांत घोषणाही लिहीत, 'विजयासाठी चाकं फिरलीच पाहिजेत' अशा अर्थाची. त्याच रेल्वेनं लाखो माणसं छळछावण्यांकडे ओढून नेली. तिथे 'लिव्हरी'चं भाषांतर करताना 'रंगसंगती'सारखा सोज्वळ शब्द माझ्या हातून लिहवणार नाही.

गजानन_नागपूर

भारतातल्या इंजिनांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून एक छोटी भर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून आणि कॅनडातून आलेली ब्रॉडगेजची इंजिनं आपल्याकडे एडब्ल्यूडी, एडब्ल्यूई, सीडब्ल्यूडी या श्रेणींत होती. यातला डब्ल्यू 'वॉर'चा. सीडब्ल्यूडी म्हणजे कॅनेडियन वॉर डिझाइन. नंतरच्या डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी यांतला डब्ल्यू मात्र ब्रॉडगेजचा. मराठी लेखांत या दोन डब्ल्यूंची सरमिसळ होते. रेवाडीच्या शेडमध्ये जपलेलं 'विराट' हे एडब्ल्यूई, 1943 सालचं, बाल्डविन कंपनीचं. म्हणजे वर्दी उतरली तरी युद्ध श्रेणीच्या नावात राहिलंच.

मिथिला_बर्मिंगहॅम

सगळ्यांचे मनापासून आभार. 'वर्दी' पक्की. आता याच रेल्वेवरच्या दुसऱ्या एका इंजिनाचा हा परिच्छेद वाचून सांगा :

"48773 या इंजिनाचा जन्म 1940 चा, युद्ध खात्याच्या सेवेसाठी. पहिला नंबर 307. ते पाठवायचं होतं फ्रान्सला, पण फ्रान्स पडला, म्हणून एलएमएस रेल्वेनं ते उसनं घेतलं आणि त्याला 8233 हा नंबर दिला. 1941 साली इराणची मोहीम सुरू झाली तशी त्याला तिकडे धाडलं. तिथे नंबर 41.109, आणि पुढे कोळशाऐवजी तेलावर चालायची व्यवस्था. युद्धानंतर इजिप्त, नंबर 70307. 1952 साली मायदेशी. मग लाँगमूरची वर्दी आणि 500 हा नंबर. 1957 पासून ब्रिटिश रेल्वेचं 48773. याच जातीची काही इंजिनं युद्धात तुर्कस्तानच्या कामी आली, तिथे त्यांना लोक 'चर्चिल' म्हणत."

सैनिकपुत्र

उत्तम. पण 'कामी आली' बदला. मराठीत लढाईत कामी येणं म्हणजे धारातीर्थी पडणं. तुर्कस्तानला निघालेली काही इंजिनं वाटेत जहाजांसकट समुद्रात बुडाली, ती खरी कामी आली. पोहोचलेल्यांसाठी 'तुर्कस्तानात कामाला लागली' म्हणा. दोन्ही वाक्यं एकापुढे एक घेतलीत तर फारच चांगलं.

'सेवेसाठी' बरोबर आहे. इंजिनाची 'नोकरी' म्हणू नका, नोकरीला पगार असतो.

मनमाडकर

त्या इंजिनावर रॉयल इंजिनिअर्सचं मानचिन्ह आहे. युद्धात प्राण गमावलेल्या लष्करी रेल्वे कामगारांच्या स्मरणार्थ ते इंजिन अर्पण केलेलं आहे, तेही परिच्छेदात घ्या. नंबरांच्या यादीपेक्षा ते महत्त्वाचं. आणि तिथे 'कामगार' नको, 'रेल्वे सैनिक' लिहा. दिवसा इंजिन चालवणारी ती माणसं गणवेशातलीच होती, इराणच्या डोंगरांतल्या बोगद्यांतून रशियाकडे जाणारा माल त्यांनीच ओढला.

अनघा_द

एक शेवटचं. लेखात 'टेंडर' पहिल्यांदा येईल तिथे 'कोळशा-पाण्याचं टेंडर' असं लिही, मिथिला. नुसतं 'युद्ध खात्याचं टेंडर' वाचलं तर आपल्या वाचकाला निविदाच आठवेल.