काळे कपडे, हलव्याचे दागिने आणि अंगणातला कुटुंबाचा फोटो : सल्ला हवा

ओसरी :
येत्या संक्रांतीला वाईजवळच्या आमच्या गावच्या घरी सगळे कुटुंब जमणार आहे. पुतणीची पहिलीच संक्रांत असल्यामुळे तिचे बोरन्हाणही त्याच दुपारी करायचे ठरले आहे. लहानमोठी मिळून आम्ही अकरा माणसे असू. माझ्याकडे कॅननचा १५००डी कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ एमएमची (किट) लेन्स आहे. स्टुडिओत उभे केल्यासारखे ताठ फोटो कोणालाच नको आहेत. घरच्या अंगणात, बोलता-बोलता काढल्यासारखे, पण सर्वांचे चेहरे नीट दिसतील असे फोटो हवे आहेत. घर पूर्वाभिमुख आहे, अंगण सारवलेले आहे आणि कडेला एक मोठा आंबा आहे. बहुतेक जण काळ्या कपड्यांत असतील, सासूबाई चंद्रकळा नेसणार आहेत आणि बाळाच्या काळ्या झबल्यावर हलव्याचे पांढरे दागिने असतील. फोटो कोणत्या वेळी आणि कोठे उभे राहून काढावेत, या काळ्या-पांढऱ्याचे काय करावे, आणि त्यासाठी नवी लेन्स घ्यावी का, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

तिपाई :
लेन्सचा विचार मागाहून करू, कारण तुमच्या फोटोंचे बरेवाईट मुख्यतः जागेवर ठरणार आहे, आणि जागेच्या बाबतीत तुमचे नशीब चांगले आहे. घर पूर्वाभिमुख असल्यामुळे दुपार कलल्यावर सूर्य घराच्या मागे जातो आणि पुढचे अंगण घराच्याच सावलीत येते. माणसांनी घराकडे पाठ करून, पूर्वेच्या मोकळ्या आकाशाकडे तोंड करून बसावे. अशा सावलीत प्रकाश समोरच्या आकाशातून येतो, तो मऊ असतो, आणि त्यात कोणाला डोळे किलकिले करावे लागत नाहीत. मात्र ओसरीच्या छपराखाली फार आत जाऊ नये. सावलीच्या कडेपासून दोन-तीन पावले आत, पण डोक्यावर आकाश मोकळे, अशी जागा उत्तम.

आंब्याखालची सावली दिसायला मोहक असली तरी ती टाळावी. पानांमधून पडणारे कवडसे एकाच्या कपाळावर आणि दुसऱ्याच्या नाकावर येतात, आणि असा फोटो संगणकावर कितीही खटपट केली तरी सुधारत नाही. सारवलेली जमीन प्रकाश फारसा परतवत नाही, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी थोड्या काळवंडतात. गटाच्या पुढे, चौकटीबाहेर राहील अशा बेताने, जमिनीवर एक पांढरी चादर अंथरली तर हा दोष बराच कमी होतो. चादर पांढरीच घ्यावी. रंगीत चादरीची झाक हनुवटीवर उतरते.

जानेवारीच्या मध्यावर तिकडे सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. साडेचार ते साडेपाच हा तास मोकळा ठेवावा. डोंगरामुळे ऊन लवकर जात असेल, तर आदल्या दिवशी त्याच वेळी अंगणात उभे राहून पाहून घ्यावे.

कऱ्हाकाठ :
काळ्या कपड्यांबद्दल. कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारी यंत्रणा, समोरचे दृश्य मध्यम करड्या उजळपणाचे आहे असे धरून चालतो. चौकटीत काळेच काळे भरले की त्याला ते दृश्य अंधारे वाटते आणि तो प्रकाश वाढवतो. परिणामी चंद्रकळा राखाडी दिसते, चेहरे फटफटीत होतात आणि हलव्याच्या दागिन्यांचे दाणे जाऊन नुसते पांढरे ठिपके उरतात. म्हणून एव्ही मोडवर (ज्यात अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, आपण ठरवतो आणि शटर कॅमेरा) काम करत असाल, तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशोबात आपण करायची कमी-जास्त, उणे दोन-तृतीयांशापासून उणे एकपर्यंत न्यावे. सगळे पांढऱ्या कपड्यांत असते तर याच्या नेमके उलट करावे लागले असते.

यापेक्षा मला स्वतःला भरवशाची वाटणारी पद्धत अशी आहे. सगळे जेथे बसणार तेथेच, त्याच प्रकाशात, आपला तळहात आकाशाकडे वळवून संपूर्ण चौकट भरेल इतक्या जवळून धरावा, मॅन्युअल मोडवर (जेथे सगळे आपणच ठरवतो) मीटर अधिक एक दाखवील अशी मांडणी करावी आणि मग तिला हात लावू नये. तळहाताचा उजळपणा माणसागणिक चेहऱ्याइतका बदलत नाही, आणि मीटरची काळ्या कपड्यांनी फसगत होण्याचा प्रश्नच उरत नाही. प्रकाश उतरू लागला की दर दहा-पंधरा मिनिटांनी हे पुन्हा करावे. फोटो पाहताना हिस्टोग्रामची (उजळपणाच्या आलेखाची) चौकट उघडली की जास्त उजळलेला भाग लुकलुकतो. हलवा लुकलुकत असेल तर शटर थोडा वेगवान करावा, म्हणजे प्रकाश कमी वेळ आत येईल. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवलीत तर मागाहून दुरुस्तीला वाव राहतो.

आणखी एक बारीक गोष्ट. काळे केस, काळी साडी आणि मागे काळपट लाकडी दरवाजा, असे झाले तर माणूस पार्श्वभूमीत विरघळून जातो. मागे चुन्याची भिंत येईल अशी बैठक मांडावी आणि भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे बसावे.

निळीशाई :
मी थोडे वेगळे सुचवते. ५० एमएम एफ १.८ ही लेन्स अवश्य घ्यावी किंवा दोन दिवसांसाठी भाड्याने आणावी (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). पार्श्वभूमी जशी तिच्यात धूसर होते, तशी किट लेन्समध्ये होत नाही.

तिपाई :
निळीशाई, एकट्या बाळाच्या फोटोसाठी तुमचे म्हणणे मान्य आहे, अकरा माणसांसाठी नाही. दोन ओळींत बसलेल्या गटासाठी सुमारे साडेचार मीटर रुंदीची चौकट लागते. या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे ५० एमएमवर तेवढी रुंदी मावायला साधारण दहा मीटर मागे जावे लागेल, म्हणजे बहुतेक अंगणांत थेट कुंपणाबाहेर. ३५ एमएमवर तेच अंतर सात मीटर होते, आणि ३५ एमएम किट लेन्समध्ये आहेच. अगदी १८वर जाऊन जवळून काढू नये, कारण कडेला बसलेल्यांचे चेहरे ताणल्यासारखे दिसतात. अ‍ॅपर्चर एफ ५.६ ते ८ आणि शटर १/२०० सेकंद ठेवावा. मोकळ्या सावलीत आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ४०० ते ८०० लागेल, आणि त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

आजी आणि नात अशा जोडीच्या फोटोतही एफ १.८ बेताने वापरावे. दोन मीटरवरून ५० एमएमने या अ‍ॅपर्चरवर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अकरा सेंटिमीटरचा असतो. बाळाचे डोळे स्पष्ट आले तरी तिला मांडीवर घेतलेल्या आजीचे येणार नाहीत. एफ ४वर हा पट्टा दुपटीहून थोडा अधिक होतो.

निळीशाई :
हिशोब पटला. तरी भाड्याने आणण्याचा माझा आग्रह कायम आहे. बाळ एकटे खेळत असताना ती लेन्स उपयोगी पडेल.

चिरमुरे :
ओसरीताई, वरच्या चर्चेत बोरन्हाण मागेच राहिले, आणि मला तर तेच मुख्य वाटते. गटाचा फोटो आधी उरकून घ्यावा. एकदा बोरन्हाण झाले की हलव्याचे मुकुट आणि बाजूबंद मुलांच्या तोंडात गेलेले असतात आणि उत्सवमूर्ती झोपेला आलेली असते.

गटात सगळ्यांना एका उंचीवर उभे करू नये. ज्येष्ठांना बाजेवर बसवावे (प्लॅस्टिकच्या खुर्च्याच असतील तर त्यांवर सतरंजी टाकावी), मुले पुढे जमिनीवर, आणि उभ्या माणसांनी किंचित वाकून बाळाकडे पाहावे. ‘हसा’ असे सांगण्याऐवजी तिळगुळाचा डबा फिरवावा. हातांना काम मिळाले की खांदे आपोआप सैल होतात. स्वतः फोटोत येण्यासाठी कॅमेऱ्याची तिपाई (ट्रायपॉड) आणि दहा सेकंदांच्या टायमरचा तो पर्याय वापरावा, ज्यात कॅमेरा ओळीने अनेक फोटो घेतो. अकरांपैकी कोणाचे ना कोणाचे डोळे मिटतातच, त्यामुळे एका फोटोवर विसंबून चालत नाही.

बोरन्हाणाच्या वेळी मात्र बैठक मारून बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर यावे. डोक्यावरून पडणारी बोरे, चिरमुरे आणि उसाचे करवे हवेत थांबलेले दिसायला हवेत, तर शटर निदान १/५०० लागतो. त्यासाठी आयएसओ १६००पर्यंत गेला तरी जाऊ द्यावा. तुमचा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो, म्हणून ओतणाऱ्याचा हात कलता झाला की लगेच बटण दाबावे. त्यानंतर बोरे लुटायला मुलांची झुंबड उडेल, ती सोडू नये. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश या गडबडीत बंदच ठेवलेला बरा. पहिल्याच लखलखाटाने बाळ दचकून रडले तर पुढचे सगळे फोटो रडकेच येतील.

ओसरी :
सर्वांचे मनापासून आभार. नवी लेन्स घेत नाही, एका दिवसासाठी ५० एमएम भाड्याने आणीन. मागची भिंत चुन्याची आहे आणि अंगण सात-आठ मीटर सहज आहे. एकच शंका उरते. सासऱ्यांना गटाचा फोटो दिवाणखान्यात लावण्यासाठी मोठा छापून हवा आहे; या कॅमेऱ्याच्या फाइलवरून तो किती मोठा निघेल?

कऱ्हाकाठ :
फाइल ६००० × ४००० पिक्सेलची असते, म्हणजे ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) २० × १३ इंचांपर्यंत निर्धोक. १२ × १८ इंचांचा छाप मागावा, कारण त्याचे प्रमाण कॅमेऱ्याच्या चौकटीशी तंतोतंत जुळते. ८ × १० किंवा १६ × २० मागितलात तर दोन्ही कडा कापल्या जातात, तेव्हा ती शक्यता असेल तर फोटो काढतानाच कडेच्या माणसांच्या बाहेर हातभर जागा सोडून ठेवा.