मदत हवी आहे: पोलिओचा पाय असलेल्या वडिलांचा पडण्याचा धोका कसा जोखायचा?

नमस्कार. आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले. बाबांचं वय ७४. डावा पाय लहानपणीच पोलिओने अधू झाला, तरी कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) लावून, काठी घेऊन त्यांनी जन्मभर शेती केली. या पावसाळ्यात न्हाणीच्या उंबऱ्याशी पडले, मग परड्यातही. हाड मोडलं नाही, पण आई आता त्यांना एकटं सोडत नाही.

फिजिओने एक चाचणी सांगितली. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका. बाबांना पुष्कळच जास्त लागतात. पण ते चाळिशीतही एवढेच सावकाश चालायचे आणि पडत नव्हते! मग धडधाकट म्हाताऱ्यांचा आकडा त्यांना लावायचा कसा?

बाबा म्हणतात, "असाच तर चालतोय की, आता काय नवीन?" मला मात्र नवीन दिसतंय. चांगला उजवा पाय संध्याकाळी थरथरतो, वळताना भिंत धरतात. बीपीची आणि झोपेची गोळी चालू आहे. कुणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद:
तुमची शंका रास्त आहे. १२ सेकंदांशी नको, बाबांची तुलना बाबांशीच करा. तीच खुर्ची, तेच कॅलिपर, तीच काठी. वेळ लिहून ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा घ्या. वळताना किती पावलं टाकतात, तेही बघा.

उजव्या पायाचं मात्र लांबवू नका. पोलिओनंतर कित्येक दशकांनी चांगल्या वाटणाऱ्या स्नायूंतही नवी कमजोरी येऊ शकते, त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. तोवर दमेपर्यंत व्यायाम करून घेऊ नका.

पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा; शेजारी धरायला कुणीतरी हवंच. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. झोपेच्या गोळीने तोल जाऊ शकतो, पण ती परस्पर बंद करू नका. काठीचं रबर झिजलंय का? कॅलिपरचं गुडघ्याचं लॉक नीट बसतं का?

धागाकर्ता:
रबर पार गुळगुळीत झालंय, आजच बदलतो. न्हाणी आणि उंबरा घरी येऊन बघतील असे फिजिओ खानापूर बाजूला कुणाला माहीत आहेत का? मराठीत बोलणारे असतील तर बाबा मोकळेपणाने सांगतील.