डी-76 सगळ्याला चालतो म्हणे!

चंदेरी_कण: "कुठलीही फिल्म डी-76 मध्ये धुवा, काम होतं. डेव्हलपरच्या जोड्या जुळवणं हे रिकामटेकड्यांचं खूळ." ही पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. अहो, डी-76 म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, डेव्हलपर. त्याच्या लिटरभर द्रावणात 100 ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं. ते फिल्मवरच्या चांदीच्या कणांच्या कडा झिजवतं, म्हणून ग्रेन, म्हणजे फोटोतला रवाळपणा, मऊ दिसतो. रॉडिनल हा दुसरा डेव्हलपर, 1+50 (एक भाग रसायन, 50 भाग पाणी) केला की सल्फाइट नावालाच, त्यामुळे ग्रेन टोकदार. एफपी4 या कृष्णधवल फिल्मला ते शोभतं. एचपी5 ही फिल्म मात्र कमी उजेडासाठी वेग वाढवून 1600 ला काढा (पुश करा) आणि त्यात घाला, सावल्या काळ्याठिक्कर! तिथे मायक्रोफेन हाच डेव्हलपर हवा. 20 अंशांना 11 मिनिटं. फरक नाही म्हणणाऱ्यांनी प्रिंट काढून बघावी.

डी76भक्त: पोस्ट माझीच. 1927 पासून उगाच टिकलाय का? आमच्या स्टुडिओत लग्नं, बारशी, पासपोर्ट, सगळं त्यातच धुतलं. गिऱ्हाईक ग्रेन बघत नाही, नाक सरळ आलं का ते बघतं.

चंदेरी_कण: रॉडिनल 1891 चं. वयावरच ठरवायचं तर विषय संपला.

वऱ्हाडी_लेन्स: भांडणं नंतर, आधी पाण्याचं बोला. नागपुरात मे महिन्यात नळाचं पाणी हाताला चटका देतं आणि तुम्ही 20 अंशांच्या गप्पा मारता! एचपी5 ला आयडी-11 (डी-76 चा जुळा भाऊच) न पातळ करता वापरलं तर 20 ला साडेसात मिनिटं. तिशीत तोच वेळ पाचच्या आत येतो आणि आभाळात पट्टे उमटतात. म्हणून मी 1+1, म्हणजे निम्मं पाणी, करतो. 20 ला 13 मिनिटं, उन्हाळ्यात कमी केली तरी हाताशी वेळ उरतो. पाणी माठातलं.

स्टॉपबाथ_ताई: माठातलं?? गाळाचे ठिपके नेगेटिव्हवर कोण बघणार? बर्फाची बादली घ्या, फिल्मची टाकी तिच्यात ठेवा.

वऱ्हाडी_लेन्स: ताई, फडक्यातून गाळून घेतो. इथे दुपारी लाईट जाते, बर्फ कुठून आणू?

स्टॉपबाथ_ताई: मग रात्री धुवा. डेव्हलपर गार आणि शेवटचं पाणी कढत झालं की फिल्मवरच्या थराला, इमल्शनला, सुरकुत्या पडतात. आमच्या भाच्याचा मुंजीचा अख्खा रोल तसा गेला, वहिनी अजून बोलत नाहीत.

डी76भक्त: तुम्ही फिल्म धुताय की लस्सी करताय? मूळ मुद्दा राहिला बाजूला.

चंदेरी_कण: मूळ मुद्द्याला उत्तर कुठे दिलंत? 1600 चं काय?

डी76भक्त: रात्रीच्या कुस्त्यांचे रोल असले की मायक्रोफेन आणायचो. झालं समाधान? हार घालू? दिवसाउजेडीच्या रोलला मात्र तुमचं रॉडिनल तुम्हालाच लखलाभ.

वऱ्हाडी_लेन्स: तेवढं फिक्सरही (चित्र पक्कं करणारं रसायन) माठाशेजारीच ठेवत जा.

स्टॉपबाथ_ताई: प्यायच्या पाण्याशेजारी फिक्सर?! घरात लहान मुलं नाहीत का तुमच्या?