फुफीनं हिस्सा माफ करावा का?

उचगावचा पोरगा: दादा-दादी गेल्यावर भाताची तीन एकर अब्बांच्या एकट्याच्या नावावर चढली. फुफी, म्हणजे अब्बांची बहीण, शिनोळीला दिलेली, बॉर्डरच्या पलीकडं महाराष्ट्रात. सहा वर्षं बहीण-भावाचा अबोला आहे. ईद जवळ आली म्हणून मी तिला म्हटलं, सोड आता. मुसलमानानं भावाशी ३ दिवसांवर अबोला धरू नये, अशी हदीसच आहे, पैगंबरांचं वचन. कुरआनात सूरह तगाबुनमध्येही (६४:१४) घरच्यांनाच माफ करा, नजरेआड करा म्हटलंय. ती म्हणाली, "सलाम करीन, शिरखुर्मा खाईन, पण हिस्सा माफ नाही." माझं काय चुकलं?

शहापूरची आपा: सगळंच चुकलं. अबोला सोडायला ती तयार आहे की रे! तू मागतोयस ती जमीन. आईबापाच्या मागं राहिलेल्यात बाईचाही वाटा आहे (सूरह निसा ४:७), मुलाला दोन तर मुलीला एक (४:११). वारस हे दोघंच असतील तर तीनातली एक एकर तिची. भावाच्या मेहेरबानीचा इथं प्रश्नच नाही. आपल्यात नवऱ्याची मय्यत उचलायच्या आधी विधवेला "मेहर बख्श दे", निकाहात ठरलेली तुझी रक्कम माफ कर, म्हणतात ना, तसलंच हे. त्या गर्दीत नाही कोण म्हणणार?

जुना मुदर्रिस: आपा, हिशेब बरोबर, पण घर हिशेबावर चालत नाही. हजरत अबू बक्रांच्या लेकीवर, हजरत आयेशांवर, तोहमत म्हणजे खोटा आळ आला, तो पसरवणाऱ्यांत मिस्तह होते, अबू बक्रांचेच नातलग, त्यांच्याच मदतीवर जगणारे. अबू बक्रांनी मदत बंद करायची कसम खाल्ली. तेव्हा आयत उतरली (२४:२२): अल्लाहनं तुम्हाला माफ करावं असं वाटत नाही का? त्यांनी मदत परत सुरू केली. लेकीच्या इज्जतीपुढं एक एकर ती काय? बेळगावच्या कोर्टात तारखा घेत माझे दोन चुलते म्हातारे झाले. मय्यतीलाही एकमेकांच्या दारात गेले नाहीत.

शहापूरची आपा: चाचा, दाखला तुम्हीच दिलात. अबू बक्रांनी माफ केलं म्हणजे मूठ उघडली. इथं मूठ कुणाची बंद आहे? हजरत यूसुफांनी आपल्याला विहिरीत टाकणाऱ्या भावांना "आज तुमच्यावर ठपका नाही" म्हटलं, ते भावांनी आधी चूक कबूल केल्यावर. ते अर्धं आपण मशिदीतल्या बयानात ऐकतो आणि घरी विसरतो.

वडगावकर: आम्ही हिंदू, मध्ये बोलतो, राग नको. आमच्यात २००५ पासून कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीतही मुलीला मुलाइतका वाटा आहे. तरी भाऊबीजेची ओवाळणी घेतल्यावर ताईपुढं हक्कसोडीचा कागद येतोच.

जुना मुदर्रिस: कबुलीचं मान्य. पण भावाला चावडीवर उघडं पाडू नका. घरातले दोन बुजुर्ग बसवा.

उचगावचा पोरगा: अब्बांना विचारलं. म्हणायलेत, "तिनं कधी मागितलं?" फुफीला सांगितलं तर हसली. "आमच्या अब्बांच्या, तुझ्या दादांच्या, मय्यतीनंतरच्या चाळीसाव्याला मागितला होता. तुझ्या अम्मीनं चहा आणला, आणि विषय बदलला." अम्मीला आठवतंय. उतारा कन्नडमध्ये आहे, वाचून द्यायला कुणी आहे का?