किंग ऑफ ड्रॅगन पास: धाडी जिंकूनही कूळ उपाशी का मरतंय?

रानवाट: कूळ सांभाळायचा हा गेम १९९९ चा आहे पण मी आत्ता मोबाईलवर खेळायला घेतलाय आणि तिसऱ्यांदा तेच झालंय. धाडी जवळपास सगळ्या जिंकतो, गाई ढीगभर, शेजारची कुळं टरकून असतात, आणि तरी थंडीत धान्य संपतं न पोरं दगावतात. काल मुलांचा आकडा खाली गेलेला बघून खरंच वाईट वाटलं. या गेममधे सगळ्याची किंमत गाईंत मोजतात, मग गाई असून उपासमार कशी? धाड मी सी सीझनमधेच मारतो, वर्षाची सुरुवात असते म्हणून.

नांगरफाळ: तिथंच घोळ आहे भावा. सी सीझन म्हणजे पेरणी आणि अर्थ (Earth) सीझन म्हणजे सुगी. धाडीला जे जातात त्यात वेपनथेन म्हणजे पेशानं लढणारे मूठभर, बाकी सगळे शेतकरीच असतात, त्यांना ऐन पेरणीत बाहेर काढलं तर रान कोण पेरणार, आणि त्यातले चार मेले की पुढच्या वर्षीही तेवढे हात कमीच. आपल्याकडं दसऱ्याला सीमोल्लंघन करून मग मोहिमेला निघायचे ते उगाच नाही, पावसाळ्यात शिपाई स्वतःच्या शेतात असायचा. तू मधल्या फायर सीझनमधे जा. सीझनला दोनच कामं करता येतात, सी सीझनमधलं एक तरी अर्नाल्डाच्या, म्हणजे धरतीच्या देवीच्या, नैवेद्याला ठेव.

सातजणी: वरचं बरोबर आहे पण गाईंचंही बघा, लुटून आणलेल्या गाईंना कुरण कुठंय? शेताच्या स्क्रीनवर कुरण आणि पिकाची जमीन तपासा, कमी पडत असेल तर जंगल तोडावं लागेल नाहीतर जास्तीच्या गाई शेजाऱ्याला भेट द्या. मी तर भेटच देते, कारण ज्याच्या गाई पळवल्या तो कधीतरी तुमच्या सुगीत येणारच, भाऊबंदकीसारखं ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं. आणि रिंगमधे, म्हणजे कुळाच्या सात जणांच्या पंचमंडळात, सातही जण लढवय्ये घेऊ नका, शेती न गुरं कळणारी एखादी बाई हवीच, ती काय म्हणते ते वाचून मग बटण दाबा. मी आधी वाचायचेच नाही.

रानवाट: रिंग बघितली, सातातले पाच लढणारेच निघाले! दोघांना काढून अर्नाल्डाची एक म्हातारी घेतली, वर्षाअखेरच्या सेक्रेड टाइममधे युद्धावरची जादू काढून शेतावर आणि गुरांवर टाकली, धाड एकच मारली तीही फायर सीझनमधे. शेजाऱ्यांना गाई पाठवल्या तेव्हा जीवावर आलं होतं. पण थंडी निघाली, एकही पोर गेलं नाही. आता जंगल किती तोडू ते सांगा, म्हातारी नको म्हणतीय.