मदत हवी आहे: स्कोपोलामिन दिलेला उंदीर विसरतोय, की त्याला दिसतच नाहीये?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फार्माकॉलॉजी. थीसिस एका शंकेपाशी अडलाय. वॉटर मेझवर (उंदराने हौदात पोहत, भिंतीवरच्या खुणा बघून पाण्याखाली लपवलेला प्लॅटफॉर्म शोधायचा, ती स्मृतीची चाचणी) काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा.

ब्राह्मीच्या अर्काने उंदरांचा स्मृतिदोष कमी होतो का, हे बघतेय. दोष आणायला स्कोपोलामिन, १ मिग्रॅ प्रति किलो, पोटात इंजेक्शन, पोहायला सोडायच्या ३० मिनिटं आधी. सलाइन, नुसतं स्कोपोलामिन, त्यासोबत डोनेपेझिल (स्मृतिभ्रंशावरचं औषध), त्यासोबत ब्राह्मी असे चार गट, प्रत्येकी ६ स्विस अल्बिनो उंदीर. रोज ४ ट्रायल, ५ दिवस, सहाव्या दिवशी प्लॅटफॉर्म काढून प्रोब ट्रायल, म्हणजे उंदीर त्याच जागी शोधतो का ते बघणं.

स्कोपोलामिन म्हणजे आपल्या धोतऱ्यातलंच एक अल्कलॉइड. लहानपणी श्रावणी सोमवारी आजीबरोबर कपालेश्वराला जायचे तेव्हा धोतऱ्याचं काटेरी फळ माझ्या हातात असायचं आणि आजी दर वेळी बजावायची, "तेच हात डोळ्यांना लावू नकोस गं." आता तीच आजी जेवण झाल्यावर पंधरा मिनिटांनी विचारते, जेवायला वाढतेस ना? तिला डोनेपेझिल चालू आहे. मी हा विषय घेतला तो तिच्यामुळे.

स्कोपोलामिन अ‍ॅसिटिलकोलिन (मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन) कमी करत नाही, ते घेणारे मस्करिनिक रिसेप्टर अडवून बसतं. निरोप येतो, पण घेणारं कुणी नसतं. डोनेपेझिल अ‍ॅसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम रोखतं, मग वाढलेलं अ‍ॅसिटिलकोलिन त्या जागेसाठी झगडू शकतं. इथपर्यंत ठीक.

पण स्कोपोलामिन गटातले उंदीर भिंत सोडतच नाहीत. नाक भिंतीला घासत गोल गोल फिरतात, ६० सेकंद संपतात, मी उचलून प्लॅटफॉर्मवर ठेवते, पुढच्या ट्रायलला पुन्हा तेच. टॉर्च मारला तर बाहुली आकसत नाही. तेव्हा आजीचं बोलणं आठवलं. भिंतीवरच्या खुणा त्यांना दिसतायत तरी का? अल्बिनोंची नजर आधीच अधू. शिवाय ते सलाइनवाल्यांपेक्षा जोरात पोहतात, म्हणून मी आता वेळेऐवजी पोहलेलं अंतर मोजतेय, तरी फरक उरतोच. (पाणी गार असेल असं सुचवू नका, हीटर लावून २५ अंशांवर ठेवलंय. नाशिकच्या डिसेंबरात त्यासाठी पहाटे पाचला उठावं लागतं.)

मिथिलस्कोपोलामिन मेंदूत फारसं शिरत नाही, पण डोळ्यांवर आणि लाळेवर परिणाम तसाच करतं. ते दिलेले उंदीरही असेच चुकले असते तर दोष डोळ्यांचा असं कळलं असतं, म्हणून तो गट सुरुवातीलाच घ्यायला हवा होता. मला सुचलं नाही, आणि २४ उंदीर त्यात गेले. त्यांचे मेंदू फ्रीझरमध्ये आहेत. एलमनच्या पद्धतीने ४१२ नॅनोमीटरला अ‍ॅसिटिलकोलिन तोडणारं ते एन्झाइम मोजेन, पण स्कोपोलामिन अडवतं ते रिसेप्टरला, त्यामुळे डोळ्यांचा प्रश्न तिथे सुटणार नाही.

एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्यांपैकी ६ उंदीर उरलेत. त्यांना मिथिलस्कोपोलामिन देऊन पूर्ण ५ दिवस घेऊ, की स्कोपोलामिन देऊन झेंडा लावलेला, डोळ्यांना दिसणारा प्लॅटफॉर्म शोधायला लावू? दोन्ही त्याच उंदरांवर करायचं तर मध्ये किती दिवस सोडायचे आणि आधी काय घ्यायचं? आणखी उंदीर मागायची माझी इच्छा नाही, जे आहेत त्यांचा उपयोग नीट व्हावा.

आणखी एक. औषध रोज शिकवण्याआधी दिलंय, म्हणजे उंदीर मुळात शिकलेच नाहीत. मग थीसिसमध्ये 'विस्मरण' लिहिणं बरोबर आहे का? गाइड म्हणतात सगळे तसंच लिहितात. मला ते पटत नाहीये.

सोमवारी गाइडना भेटायचंय, त्याआधी कुणी स्वतःचा अनुभव सांगितला तर फार उपकार होतील.