सक्तीचे मानसोपचार जगभर बंद करा: हक्कांच्या चळवळीने हीच मागणी धरून ठेवावी का?

पारंबी:

मनोसामाजिक अपंगत्व (मानसिक आजार आणि समाजाचे अडथळे यांतून येणारे अपंगत्व) असलेल्यांच्या संघटना जगभर एक मागणी लावून धरत आहेत. मर्जीविरुद्ध भरती, मर्जीविरुद्ध औषध, बांधून ठेवणे, कोंडणे आणि 'याला समजत नाही' म्हणत त्याच्या वतीने दुसऱ्याने सही करणे, हे सगळे कायद्यातून काढून टाका. 'कमी करा' नव्हे, काढून टाका. माझ्या मते ही मागणी बरोबर आहे आणि चळवळीने ती पातळ करू नये.

आधार आहे संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्ती हक्क कराराचा. १३ डिसेंबर २००६ रोजी तो स्वीकारला गेला, ३ मे २००८ पासून लागू झाला आणि आज १९० हून अधिक देश त्याला बांधील आहेत. कलम १२ म्हणते की अपंग व्यक्तीला आयुष्याच्या सर्व क्षेत्रांत इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. अपंगत्व आहे एवढ्यावरून स्वातंत्र्य हिरावता येत नाही, हे कलम १४ मध्ये आहे. करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २०१४ च्या पहिल्या सर्वसाधारण टिप्पणीत (कराराचा अर्थ सांगणारे समितीचे निवेदन) कलम १२ चा अर्थ उलगडला: निर्णयक्षमतेची चाचणी घेऊन हक्क काढून घेणे हाच भेदभाव आहे. कितीही प्रयत्न करून माणसाचे म्हणणे कळत नसेल, तर 'त्याच्या हिताचे काय' असे विचारायचे नाही. त्याच्या इच्छा आणि पसंती यांचा सर्वांत जवळचा अर्थ शोधायचा.

अपवाद ठेवला की काय होते? 'स्वतःला किंवा इतरांना धोका' हा निकष जवळजवळ प्रत्येक कायद्यात असतो. पण धोक्याचे भाकीत एकेका माणसाबाबत फार कच्चे असते, आणि इतर कोणत्याही नागरिकाला आपण नुसत्या भाकितावर कोंडत नाही. सुनावणीची तारीख येते तेव्हा माणूस औषधांच्या अमलाखाली असतो. त्याचा संथपणा मग आजाराचा पुरावा ठरतो आणि विरोध केला तर तोही.

धन्वंतरी७:

कराराबद्दल आदर आहे, तरी या मागणीला माझा स्पष्ट विरोध. 'सर्व सक्ती बंद' हा समितीचा अर्थ आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या यंत्रणांना तो मान्य नाही. त्याच २०१४ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारावरील मानवी हक्क समितीने आपल्या ३५ व्या टिप्पणीत मर्जीविरुद्धची भरती शेवटचा उपाय म्हणून, कमीत कमी काळासाठी आणि न्यायिक तपासणीसह चालवून घेतली. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाने करार स्वीकारतानाच कलम १२ बाबत आपले निवेदन जोडले आहे: गरज पडल्यास दुसऱ्याने निर्णय घेणे चालेल. एका टिप्पणीवर जागतिक मोहीम उभी करायची तर पाया एवढाच आहे, हे लोकांना सांगायला हवे.

आता खाटेजवळ या. कॅटाटोनिया झालेला माणूस बोलत नाही, हलत नाही, पाणीही पीत नाही. काही दिवसांत शरीर कोरडे पडते, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्यातली एखादी फुप्फुसात जाऊ शकते. याच माणसाला लोराझेपाम या शामक औषधाची १ ते २ मिलिग्रॅमची चाचणी मात्रा शिरेतून दिली, तर पुष्कळदा काही मिनिटांत तो बोलू लागतो. त्याचे 'नाही' कोणते आणि 'हो' कोणते? इच्छा आणि पसंतीचा अर्थ लावायला आपण बसलो, तर तेवढा वेळ हाताशी नसतो. तीव्र उन्मादात (मन बेफाम उत्तेजित होण्याच्या आजारात) घर विकायला निघालेला माणूस आणि वजन जीवघेणे घसरलेली, तरी जेवण नाकारणारी मुलगी यांचेही तसेच.

बंदी आली तर प्रश्न हवेत विरत नाही, पोलिसांकडे जातो. मनोरुग्णालयाच्या दारात जे थांबवले, ते तुरुंगाच्या दारात होते आणि तिथे उपचारही नसतात. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाशी नाते तुटणे) असलेल्या ७१ टक्के लोकांपर्यंत मानसिक आरोग्यसेवा पोचतच नाही. चळवळीची पहिली मागणी ही दरी भरण्याची असायला हवी.

वकिली_चष्मा:

दोघेही 'बंदी की अपवाद' यावर थांबलात. कायदा लिहिताना खरी कसरत त्यानंतर सुरू होते: पालकत्व, म्हणजे प्रौढ माणसाच्या वतीने दुसऱ्याने निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार, काढल्यावर त्या जागी काय?

पेरूने २०१८ मध्ये वैधानिक आदेश १३८४ काढून अपंग प्रौढांवरचे पालकत्व रद्द केले. कोलंबियाने २०१९ च्या कायदा १९९६ ने तेच केले, स्पेनने २०२१ मध्ये मोठा बदल केला. तिथे 'आधार' देणारी व्यक्ती नेमता येते. ती माहिती समजावते, म्हणणे पोचवते, पण निर्णय त्या माणसाचाच राहतो. बिघडते ते इथे: जुना पालकच नवा आधारकर्ता म्हणून येतो, आदेशात 'सर्व बाबतींत' असे मोघम लिहिले जाते आणि बँक मात्र आधारकर्त्याची सही मागतच राहते. वर्षभरात जुनी व्यवस्था नव्या नावाने परत येते.

म्हणून मसुद्यात काही गोष्टी नेमक्या हव्यात. आधार कोणत्या कामांसाठी, त्याची नावे घालून यादी. मुदत, आणि मुदतीनंतर आपोआप संपणे. मिळकतीत हितसंबंध असलेल्याला पैशांच्या व्यवहारात आधारकर्ता होण्यास मनाई. आधार नाकारण्याचा हक्क, कारण लादलेला आधार हे पालकत्वच. आणि बँक, नोंदणी कार्यालय, रुग्णालय यांना थेट बंधन की त्या माणसाची सही पुरेशी आहे. हे शेवटचे कलम नसेल तर बाकीची कागदावर राहतात.

धन्वंतरींच्या कॅटाटोनियाला उत्तर आगाऊ निर्देशात आहे. शुद्ध ठीक असताना माणूस लिहून ठेवतो: अशी अवस्था आली तर हे औषध द्या, हे देऊ नका कारण त्याने मान वाकडी झाली होती, अमुक व्यक्तीला फोन करा, घरच्या मुलांना तमुककडे पोचवा. हवे तर 'त्या वेळी मी नाही म्हटले तरी हेच करा' असेही. मात्र कागद पहाटे तीन वाजता आपत्कालीन विभागात सापडला पाहिजे. नोंदणी ऑनलाइन हवी, खिशात छोटे कार्ड हवे, आणि डॉक्टरने निर्देश डावलला तर लेखी कारण हवे. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आगाऊ निर्देशाची तरतूद आहे, पण तरतूद असणे आणि कागद वेळेवर हाती असणे यांत फार अंतर आहे.

धन्वंतरी७:

आगाऊ निर्देश मलाही हवेत. पण इंग्लंडमधील क्रिमझन चाचणीत (२०१३, ५६९ सहभागी) रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून केलेल्या संकट-आराखड्याने सक्तीच्या भरत्या लक्षणीय घटल्या नाहीत. आणि पहिल्याच झटक्यात आलेल्या माणसाकडे निर्देश असणार कुठून?

पारंबी:

क्रिमझनचा निकाल अर्धा सांगितलात. अनेक ठिकाणी डॉक्टरांनी ती बैठक नेहमीच्या तपासणीतच गुंडाळली, आराखडा मिळून झालाच नाही. नंतर अशा चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात आगाऊ निवेदनांनी सक्तीच्या भरत्या सुमारे २३ टक्क्यांनी कमी दिसल्या.

सक्तीचा फायदा किती, हेही विचारूया. इंग्लंडच्याच ऑक्टेट चाचणीत (२०१३) रुग्णालयातून सोडल्यावर समाजात सक्तीचा उपचार-आदेश असलेला गट आणि नसलेला गट यांची तुलना झाली. वर्षभरात पुन्हा भरती झालेले दोन्हीकडे ३६ टक्के. इतके स्वातंत्र्य काढून घेऊन हाती काही लागले नाही.

आणि वॉर्डात काय करता येते? 'सेफवॉर्ड्स' पद्धतीत दहा साध्या गोष्टी आहेत. कर्मचारी आणि रुग्ण यांनी मिळून ठरवलेल्या अपेक्षा भिंतीवर लावणे, नकार देताना कोणते शब्द वापरायचे याचा सराव, वाईट बातमी कशी आणि कधी द्यायची याची आधी तयारी, शांत होण्याच्या साधनांची पेटी, रोजची परस्पर मदतीची बैठक. १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांच्या चाचणीत झटापटीचे प्रसंग १५ टक्के आणि बांधणे-कोंडणे-जबरीचे इंजेक्शन असे प्रकार २६.४ टक्के घटले. हे नवीन इमारत न बांधता झाले.

धन्वंतरी७:

घटले, शून्य झाले नाहीत. माझा मुद्दा त्याच उरलेल्यांचा आहे. जर्मनीत न्यायालयीन निकालांमुळे २०१२ च्या मध्यापासून फेब्रुवारी २०१३ पर्यंत पालकत्वाखालील रुग्णांना सक्तीने औषध देण्याला कायदेशीर आधारच नव्हता. दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्यांवरील एका अभ्यासात त्या काळात हिंसक प्रसंग, बांधणे आणि कोंडणे वाढलेले दिसले. औषध बंद केले आणि पट्टे वाढले.

मला जर्मनीचाच दुसरा मार्ग पटतो. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २४ जुलै २०१८ रोजी ठरवले की शरीर पाच किंवा सात ठिकाणी पट्ट्यांनी बांधून साधारण अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवायचे असेल तर न्यायाधीशाचा आदेश हवा, आणि सकाळी ६ ते रात्री ९ या वेळात न्यायाधीश उपलब्ध हवा. घड्याळ, जबाबदार व्यक्ती, नोंद. त्याला जोडून एक कर्मचारी सतत शेजारी, पालथे कधीही बांधायचे नाही कारण श्वास कोंडतो, पाय मोकळे करून हलवणे आणि सुटल्यावर त्या माणसाशी बसून झाल्या प्रकाराबद्दल बोलणे. ही मागणी उद्या लागू करता येते.

पारंबी:

त्याच काळात जर्मनीत काही रुग्णालयांनी सक्तीचे औषध न वापरता काम चालवले, हेही नोंदवा. तिथे माणसे जास्त होती, बोलायला वेळ होता, दारे उघडी होती. पट्टे वाढले ते मनुष्यबळ तेवढेच ठेवून नुसता अधिकार काढल्यामुळे. आणि अर्ध्या तासाचा नियम चांगला आहे हे मान्य, पण त्याने अर्ध्या तासाचे बांधणे कायदेशीर करून टाकले.

ताळेबंद:

खर्चाशिवाय ही चर्चा पुढे जाणार नाही, कारण पारंबींच्या शेवटच्या प्रतिसादातली 'माणसे जास्त होती' ही ओळ म्हणजे पगार.

देश आरोग्यावर जो सरकारी खर्च करतात त्यातला सरासरी २ टक्क्यांच्या आसपास मानसिक आरोग्याला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मानसिक आरोग्य अ‍ॅटलासनुसार मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्यातलेही ७० टक्क्यांहून अधिक मनोरुग्णालये खातात, श्रीमंत देशांत ३५ टक्के. म्हणजे वस्तीतल्या सेवेसाठी हाती राहते ते अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या घरात. या पैशांत सक्तीला पर्याय उभा राहत नाही.

रुग्णालय बंद करून पैसा वस्तीत वळवू, असे म्हणणे सोपे आहे. अडचण अशी की शेवटचा रुग्ण बाहेर पडेपर्यंत छप्पर, स्वयंपाकघर, रात्रपाळी यांचा खर्च जवळपास तेवढाच राहतो आणि नव्या सेवेला पैसे पहिल्या दिवसापासून लागतात. काही वर्षे दोन्ही व्यवस्था एकत्र चालवाव्या लागतात. हा जोडखर्च वेगळ्या शीर्षाखाली मंजूर नसेल तर खाटा आधी बंद होतात, घरे नंतर येत नाहीत, आणि माणसे रस्त्यावर. इटलीत मनोरुग्णालये बंद करायला लावणाऱ्या १९७८ च्या कायदा १८० नंतर त्रिएस्ते शहरात २४ तास चालणारी, खाटा असलेली वस्तीतली केंद्रे उभी राहिली म्हणून ते शहर टिकले. देशाच्या इतर भागांत अंमल फार असमान राहिला.

त्यामुळे चळवळीच्या मागणीत कलमासोबत अर्थसंकल्पाची ओळ हवी: जोडखर्च किती वर्षे, रात्री कोण येणार, घरभाडे कोण देणार. एप्रिल २०२५ च्या बर्लिनच्या जागतिक अपंगत्व परिषदेत देशपातळीवरच्या विकास कार्यक्रमांपैकी किमान १५ टक्क्यांमध्ये अपंगांचा समावेश हे उद्दिष्ट असावे, असे घोषणापत्र निघाले. त्या १५ टक्क्यांत मनोसामाजिक अपंगत्व किती, हे मात्र कोणी वेगळे मोजायला लावले नाही.

नीलमोहर:

शेवटच्या वाक्यावर दोन शब्द, कारण मोजण्यातच गळती आहे. सर्वेक्षणांत बहुतेक ठिकाणी वॉशिंग्टन गटाचे (अपंगत्वाची आकडेवारी मोजण्याच्या पद्धती ठरवणारा आंतरराष्ट्रीय गट) सहा प्रश्न वापरतात: पाहणे, ऐकणे, चालणे, आठवणे-लक्ष देणे, स्वतःची निगा, संवाद. उत्तराचे चार पर्याय असतात आणि 'खूप अडचण' किंवा त्यापुढचे उत्तर आले तरच अपंगत्व मोजतात. तीव्र नैराश्य असलेला माणूस सहाही प्रश्नांना 'अडचण नाही' म्हणू शकतो. चिंता आणि नैराश्याचे प्रश्न विस्तारित संचात आहेत, पण ते वाढवले की मुलाखत लांबते, म्हणून सर्वेक्षण करणारी खाती टाळतात. जनगणनेत नसेल तरी घरोघरच्या नमुना सर्वेक्षणात ते घालावेत, ही मागणी स्वस्त आहे आणि वर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना चालेल.

खर्चाच्या मुद्द्यावर मात्र असहमत. झिंबाब्वेचा 'फ्रेंडशिप बेंच' (मैत्रीचा बाक) हा उपक्रम पाहा: प्रशिक्षित आजीबाई, १४ प्रश्नांची चाळणी, समस्या सोडवण्याच्या सहा बैठका. २०१६ मध्ये त्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली आणि लक्षणे स्पष्ट कमी झाली. अर्ध्या टक्क्यातही खूप काही होते.

धन्वंतरी७:

ते नैराश्य आणि चिंतेसाठी, फार उत्तम. पण सक्ती होते ती सायकोसिस आणि उन्मादात. बाकावरच्या आजीकडे उन्मादातला माणूस बसत नाही. एकाचे यश दुसऱ्याचा पुरावा म्हणून देऊ नये.

पारंबी:

सायकोसिससाठी स्वीडनची 'व्यक्तिगत लोकपाल' सेवा घ्या, म्हणजे फक्त त्या माणसाच्या बाजूने काम करणारा मदतनीस. १९९५ च्या मानसोपचार सुधारणेतून ती आली. लोकपाल रुग्णालयाच्याही हाताखाली नाही आणि नातेवाइकांच्याही नाही. निदानाचा कागद लागत नाही, कार्यालयीन वेळ नाही, भेट रस्त्यावर किंवा माणसाच्या घरी. तो म्हणेल तेच करायचे, आणि कागदपत्रे त्याच्या मालकीची. कित्येकदा विश्वास बसायलाच महिने जातात, आणि त्या महिन्यांचा पगार सेवेला मिळतो. पहिल्याच संकटात ती उपयोगी पडत नाही, हे खरे. पण सक्तीचे चक्र फिरत राहते ते दुसऱ्या-तिसऱ्या भरतीपासून, आणि तिथे हाच उपाय लागतो.

वकिली_चष्मा:

ज्यांना यातले काही प्रत्यक्ष मांडायचे आहे, त्यांनी अपंग व्यक्ती हक्क करारावर देखरेख करणाऱ्या समितीसमोरचा क्रम लक्षात ठेवा. देशाचा पहिला अहवाल करार लागू झाल्यापासून दोन वर्षांत, पुढचे किमान दर चार वर्षांनी. प्रत्यक्षात अनेक देश उशीर करतात. समितीच्या १८ सदस्यांना देशाची बाजू सरकारकडून कळते. दुसरी बाजू कळते ती संघटनांच्या पर्यायी अहवालातून.

चुका ठरलेल्या आहेत. दहा संघटना दहा अहवाल पाठवतात, मग एकही नीट वाचला जात नाही. एक संयुक्त अहवाल द्या. प्रत्येक मुद्द्याला कराराचे कलम, देशातल्या कायद्याचे कलम, एक पडताळता येणारी वस्तुस्थिती, आणि समितीने सरकारला विचारावा असा तयार प्रश्न. तो प्रश्न 'मुद्द्यांच्या यादी'च्या (सुनावणीआधी समिती सरकारला पाठवते त्या प्रश्नांच्या) टप्प्यावरच पोचला पाहिजे. यादीत नसलेला विषय प्रत्यक्ष सुनावणीत क्वचित निघतो. शिफारसही मोजता येईल अशी लिहा. 'सक्ती कमी करा' लिहिले तर सरकार चार वर्षांनी 'प्रशिक्षण घेतले' असे उत्तर देते. 'दर वर्षी बांधण्याचे प्रसंग, कालावधी आणि कारण रुग्णालयनिहाय प्रसिद्ध करा' असे लिहिले तर आकडा द्यावा लागतो किंवा दिला नाही हे उघड दिसते.

धन्वंतरी, या शेवटच्या ओळीवर तुमची सही चालेल का? पारंबी, तुमची?

धन्वंतरी७:

चालेल. खाजगी संस्था आणि आश्रमही त्यात धरा. साखळदंड जास्त करून तिथेच आढळतात.

पारंबी:

सही करेन, पण बंदीच्या मागणीचा परिच्छेद त्याच अहवालात, त्याच्या वरच राहील.